सूर्याचे ऋण आणि सौरघटाची कार्यक्षमता

केंद्र सरकारच्या सौर शहर योजनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांचा समावेश झाला असला, तरी सूर्यप्रकाशाचा अधिकाधिक उपभोग म्हणजेच धर्म का, हा प्रश्न तंत्रज्ञानापलीकडचा आहे. तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहता, पातळ थरांचे सौरघट, म्हणजे काचेवर कॅडमियम टेल्युराइडसारख्या प्रकाशशोषक द्रव्याचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर देऊन केलेले घट, सिलिकॉनच्या घटांपेक्षा फारच कमी द्रव्यात वीज देतात. थर सर्वत्र एकसारखा बसवणे आणि स्फटिकांतील दोष घटवणे यांवर त्यांची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशऊर्जेपैकी विजेत रूपांतरित होणारा वाटा, अवलंबून असते, आणि साध्या सूर्यप्रकाशात एकाच शोषक द्रव्याच्या घटाला सुमारे 33 टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे. धर्माच्या बाजूने, भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाविषयी बोलताना, देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. त्या यज्ञविचाराने पाहता, निकामी सौरपटलांतील विषारी कॅडमियम परत मिळवणे हे उत्पादकाचे ऋणमोचन ठरते. रासायनिक कारखान्यांशेजारी वाढलेल्या डोंबिवलीला हे कर्तव्य समजावून सांगण्याची गरज नाही. कमी घेऊन अधिक देण्याचा आणि उरलेले निस्तरण्याचा संकल्प सोबत असेल, तरच कार्यक्षमतेची वाढ धर्म्य मानावी.