देणे कोणाचे?

रियाझ सुटला की मृदंगावरचा हात जड होतो. वैद्यकीचेही तसेच. ऑस्ट्रेलियात आडगावचा डॉक्टर भूल देतो, अडलेली बाई सोडवतो. पण असे प्रसंग मोजके. सरावासाठी शहरी जावे तर दवाखाना बंद, मिळकतही बंद! म्हणून तेथील सरकारने २००४ साली अशा डॉक्टरांस अनुदान सुरू केले. पुढे ते दिवसाला २,००० डॉलर, वर्षात १० दिवसांपर्यंत, असे झाले. कोणी म्हणेल, कमावत्याला दान कशाला? अहो, हे दान नव्हेच. मध्यरात्री अडलेल्या त्या बाईचे समाज जे लागतो, ते देणे आहे. शिकून डॉक्टरच शहरी निघून गेला तर? भीती खरी, पण तेवढ्यासाठी बाळंतिणीला कच्च्या हाती सोपवणे कोणत्या न्यायात बसते?