उरलेल्या गोळ्या

आमच्या शिरूरच्या घरी चहाचा एक जुना डबा आहे. प्रत्येकाच्या आजारपणातून उरलेल्या गोळ्या त्यात पडतात आणि कुणाला पडसे झाले की डबा निघतो. दौंडची मावशी आली की तीही दोन-चार गोळ्या पदराला बांधून नेई. उरलेली भाकरी शेजारी द्यावी, तशी गोळी द्यावी. यात गैर ते काय?

गेल्या वर्षी मावशी पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. मूत्रमार्गातले जंतू रक्तात शिरले होते. डॉक्टर म्हणाले, "नेहमीची औषधे लागू पडत नाहीत. जंतू बहुधा त्यांच्या आतड्यातलाच आहे."

आतडे म्हणजे एक शेतच. तिथे कित्येक लक्ष कोटी जंतू नांदतात. ते अन्न पचवायला हातभार लावतात आणि जागा अडवून परक्याला थारा देत नाहीत. प्रतिजैविक आले की ते भलाबुरा निवडत नाही. पीक मरते, चिवट हरळी तेवढी उरते आणि मोकळ्या रानात फोफावते. शिवाय जंतू आपली चिवटाई शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतात.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने हा धोका १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवला होता. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तो त्यानंतर, १९५४ साली. औषध गरिबाच्या दारी आले, हे पुण्यच झाले. पण स्वस्त वस्तूचा मान राहत नाही. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले शेवटच्या फळीचे औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यातही पडू लागले. अखेर २०१९ साली सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ही गोळी चालतच नाही. म्हणजे आमच्या डब्यातली पुष्कळशी गोळी वायाच गेली. मग दोषी कोण? मावशीच्या जंतूचा माग माझ्या डब्यापर्यंत कुणी लावू शकणार नाही. चोराला निदान आपली चोरी ठाऊक असते. गायरानात एकाने एक जनावर जास्त सोडले, तर गवत त्यानेच संपवले असे म्हणता येत नाही. तरी गवत संपतेच. ज्याचा पुरावा नाही ते पाप नव्हे, असे आपण मानतो. माझ्या मते, आपल्या काळची निम्मी पापे अशीच आहेत.

समोरचा रोगी अत्यवस्थ असता डॉक्टरने जबर औषध द्यावे, हा धर्मच. त्यांनी दिले म्हणून मावशी वाचली. पण ते औषध तोवर शिल्लक ठेवणे, हा धर्म आपल्यासारख्या धडधाकटांचा.

डबा अजून कपाटात आहे. घोडनदीत टाकावा, तर पाण्यात आणि मातीतही जंतू आहेतच. परवा फराळाला मावशी आली. खोकत म्हणाली, "अरे, त्यातली एक गोळी दे बघू."

मी आयुष्यात पहिल्यांदाच तिला 'नाही' म्हणालो. सणासुदीच्या दिवशी मावशीला नाही म्हणणे काही सोपे नव्हते.