भिंतीवरच्या फोटोची साक्ष

भिंतीवरच्या फोटोत आजी-आजोबा शेजारी शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात ती दोघे कॅमेऱ्यासमोर कधी एकत्र बसलीच नसतील. आजोबांचा चेहरा ओळखपत्रावरून घेतलेला, आजीचा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून. स्टुडिओवाल्याने दोन्ही जोडून, ब्रशने रेषा ठळक करून फोटो मोठा केलेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असे जोडफोटो आहेत. नातवाने तो शाळेत नेला आणि मोबाइलवर त्याची गोष्ट तयार केली, तर ती खरी मानायची का?

जेऊरच्या परिसरात हा प्रश्न जास्त टोचतो. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या या रेल्वे स्टेशनच्या गावापासून उजनीचा जलाशय जवळ आहे. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची जुनी गावे उठली. पाणी फार ओसरले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. ओसऱ्या, पार, पायवाटा मात्र सांगणाऱ्यांच्या तोंडीच उरल्या. अशा पाण्याखाली गेलेल्या घरातला जुना फोटो हातात घेऊन 'हे आमचं घर' म्हणणाऱ्या मुलाने ते घर पाहिलेलेच नसते.

खरे काय मानायचे, याबाबत भारतीय तत्त्वज्ञानातले न्यायदर्शन कडक आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, ते मानते. स्मृतीला त्यात जागा नाही. आठवण नवे काही दाखवत नाही, जुन्या अनुभवाचा संस्कार तेवढा जागा करते. जैन तर्कशास्त्राने वेगळी वाट धरली. आठव्या शतकातल्या अकलंकांनी स्मृतीला आणि 'हा तोच' अशा ओळखीला, म्हणजे प्रत्यभिज्ञेला, परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, प्रमाणांत बसवले. ठेवलेली वस्तू आठवणीने नेमकी सापडते, तर त्या आठवणीला अप्रमाण कसे म्हणायचे?

पण मुलाकडे स्वतःची आठवणही नाही. ती आजीकडे आहे. मुलासाठी प्रमाण आहे ते आजीचा शब्द, विश्वासू माणसाची साक्ष. म्हणूनच फोटो वर्गात आणण्याआधी तो घेऊन आजीपाशी बसणे हाच खरा अभ्यास. फोटो जोडलेला आहे हे तिच्याकडून कळले तर ते लपवू नये. दोघांचा एकत्र फोटो का नव्हता, हे विचारले की पैशांची, अंतराची, त्या काळच्या संकोचाची गोष्ट बाहेर येते.

अशा डिजिटल गोष्टीचा, म्हणजे स्वतःचे फोटो, स्वतःचा आवाज आणि दोन-तीन मिनिटे असा, हा प्रकार 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना अ‍ॅचली आणि जो लँबर्ट यांनी कार्यशाळांतून रुजवला. सोलापूर जिल्ह्याला तंत्र परके नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता आणि गोष्टी मुलांच्या कानापर्यंत पोचवल्या. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. साधन हाताशी आहे. अवघड आहे तो संयम.

घरात त्या फोटोला हार असतो, गंध लावलेले असते. पितृपक्षात त्यापुढे पान वाढतात. तो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन पुढे पुढे ढकलला जाणे अनेकांना अपमानाचे वाटेल, आणि ते वाटणे रास्त आहे. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने 1980 च्या पुस्तकात आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर पानेच्या पाने लिहिली, पण तो फोटो छापला नाही. शिक्षकांनीही मुलाला तेवढी मोकळीक द्यावी: फोटो न दाखवता त्याच्याबद्दल बोलण्याची. जिवंत माणसांच्या फोटोसाठी तर त्यांना विचारायलाच हवे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती गरजेची ठरवली आहे.

राहतात ती ऊसतोडीसाठी फिरणाऱ्या घरांतली मुले. त्यांच्याकडे अल्बम नसतो. त्यांना 'पुढच्या वेळी आण' म्हणून बसवून ठेवणे हा अन्याय आहे. घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करून आणि मुक्कामाच्या जागा कागदावर काढून त्यांची गोष्ट उभी राहते. न्यायशास्त्राच्या हिशेबाने तर तिचा आधार त्या जोडफोटोपेक्षा भक्कम आहे.