मौन म्हणजे शील नव्हे



कोथरूडला येणाऱ्या रस्त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आहे. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. स्त्री-पुरुष संबंधांविषयी वाचक प्रश्न विचारीत, ते शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला कोण उभे राहिले? आपले बाबासाहेब! खटला हरला, पण ज्ञान देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा धडा आपल्यासाठी उरला.

आज मुलांच्या हाती मोबाईल आहे. घाणेरडी चित्रफीत क्षणात समोर येते. मूल सापडले की आपण मारतो, मोबाईल काढून घेतो आणि गप्प बसतो. मूल त्यातून काय शिकते? लपविणे शिकते.

'हे वाईट' एवढे पुष्कळ मुलांना ठाऊक असते. का वाईट, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते सांगा. पडद्यावरचे ते नाटक असते. तिथे संमती, माया, जबाबदारी यांना जागा नसते. कधी कधी ती बाई फसवून, धाक दाखवून आणलेली असते. तेच पाहत वाढलेला मुलगा स्त्रीला वस्तू समजू लागतो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या माणूस मानले गेले नाही, त्यांच्या घरात दुसऱ्याला वस्तू मानावे काय? शिवाय तृष्णा पाहण्याने भागत नाही, वाढते.

मुलांना कायदाही सांगा. अठरा वर्षांखालील मुलामुलींची अशी चित्रे पुढे पाठविणे ही गंमत नव्हे, गुन्हा आहे. ती साठवून ठेवणेही २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. कोणी फोटोवरून धमकावीत असेल, तर १०९८ वा १९३० या क्रमांकावर कळवा. मुलालाच दोषी धरू नका.

भगवंतांनी सिगालाला आईबापांची कर्तव्ये सांगितली. मुलांना पापापासून दूर ठेवणे, हे त्यांतले पहिले. ते काठीने साधत नाही. तिसरे शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ मुलांना कधी समजावला? पाठ केलेले शील विसरते, समजलेले टिकते.

आज वंदनेनंतर मुलाजवळ बसा. आधी त्याचे ऐका, मग बोला.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!