वलांडीवरचं ऊन

पावसाळा सरला की वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या पुन्हा बोंबलांनी भरतात. कोळीण बोंबील कसे टांगते ते जवळून पाहावं. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही अंगांना सोडून द्यायची. खिळा नाही, चिमटा नाही, मीठसुद्धा नाही. अंगात बहुतेक पाणीच असलेला हा मऊ मासा वारा आणि ऊन यांच्या जिवावर दोन-तीन दिवसांत कडक होतो आणि पुढं कित्येक महिने टिकतो.

याला पाककला म्हणावं की हस्तकला? हे दोन कप्पे आपण पुस्तकांसाठी केले. किनाऱ्यावर ते वेगळे होत नाहीत. हा बोंबील ज्या डोलीत सापडतो, ते जाळं ओहोटी-भरतीच्या ओढीला तोंड करून एका जागी रोवलेलं असतं. तोंडाशी त्याचे डोळे मोठे, शेपटाकडं बारीक होत गेलेले. पूर्वी ते सुताचं, तागाचं असे, आता नायलॉनचं आहे. पण फाटलं की सांधायला माणसाचीच बोटं लागतात. ताटातल्या चवीची सुरुवात त्या बोटांत होते.

किनारा सोडून आत यावं. अंधेरीतलं आंबोली, मरोळ, घाटकोपरचं किरोळ ही साष्टी बेटाची जुनी गावठाणं. 1534 मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडं गेला, 1737 ते 1739 या काळात मराठ्यांनी तो जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या पुष्कळ कुटुंबांचा धर्म बदलला; बोली मराठीच राहिली. 1887 मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यांच्या स्वयंपाकाचा आधार म्हणजे बाटली मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि पंचवीस-तीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळात मुसळानं कुटायचे आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे. गडद काच उजेड अडवते, म्हणून मिरचीचा रंग उडत नाही. ठासून भरल्यानं हवा आणि ओल आत शिरत नाही. ज्या मिरचीवर हे सारं उभं आहे, ती पोर्तुगीजांच्या काळातच समुद्रापलीकडून आली.

इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरही असंच कुटणं आहे. तिथल्या ‘पेस्तो’ या चटणीचं नावच कुटण्याच्या क्रियेवरून पडलं. संगमरवरी खलात, लाकडी बत्त्यानं ती होते. त्यांनी कुटणाऱ्या हाताचं नाव जपलं, आपल्याकडं साठवणाऱ्या बाटलीचं. मला या फरकात आपल्या किनाऱ्याचा स्वभाव दिसतो. इथं वर्षाचे चार महिने पाऊस ठरवतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणून इथल्या शहाणपणाला एकच नाव शोभतं: बेगमी. सुका बोंबील, बाटलीतला मसाला, सांधून ठेवलेलं जाळं, सगळी पुढच्या दिवसांची तजवीज. जो पुढचा पाऊस मनात धरून आजचं ऊन वापरतो, त्याला काळ कळतो.

या बेगमीला पहिलं अवजार लागतं ते म्हणजे उघडी जागा. मुसळ विकत मिळेल, पाककृती लिहून ठेवता येईल. अंगण मात्र एकदा गेलं की परत येत नाही. इमारतीच्या सावलीत मिरची वाळत नाही आणि वाहनतळावर वलांडी उभी राहत नाही. महोत्सवात तळलेला बोंबील खाऊन आपण संस्कृती जपल्याचं समाधान मानतो, तेव्हा तो वाळवायला जागा उरली का, हे विचारायचं राहून जातं.

उपनगरातल्या कोळीवाड्यांचा आणि गावठाणांचा विचार करताना घरांच्या भिंतींबरोबर वाळवणाची जागाही मोजा, नकाशावर तिचं नाव लिहा. ती मोकळी पडलेली जमीन नाही. तिथं काम चाललेलं आहे.