गुण आणि गुणांकन : शालेय कलाशिक्षणातील एक नैतिक प्रश्न

मराठीत 'गुण' हा एकच शब्द दोन वेगळ्या व्यवहारांत वापरला जातो. काव्यशास्त्रात गुण म्हणजे काव्याच्या ठायी ओळखू येणारा, नाव देता येणारा विशेष. भरताने दहा गुण सांगितले, वामनाने शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा असा विस्तार केला, तर मम्मटाने माधुर्य, ओज व प्रसाद या तिघांवर ती संख्या आणली आणि शौर्य जसे आत्म्याचे तसे हे गुण रसाचे धर्म होत, असे प्रतिपादन केले. गुण किती आणि कशाचे, यावर शतकानुशतके वाद झाला, पण एका बाबतीत या सर्व आचार्यांचे एकमत होते : गुण ओळखावयाचा असतो, त्याची बेरीज करावयाची नसते. शाळेतील गुण मात्र बेरजेसाठीच जन्माला येतो. त्याला नाव नसते, फक्त संख्या असते. चित्रकला व संगीत हे विषय माध्यमिक शाळेत आले की हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात आणि त्यांतून जो प्रश्न निर्माण होतो तो केवळ शिक्षणशास्त्रीय नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा अनेक पिढ्यांच्या परिचयाच्या आहेत. दीर्घकाळ त्यांचे प्रमाणपत्र हेच त्यांचे फळ होते. फार तर पुढे कलामहाविद्यालयात किंवा वास्तुशास्त्राकडे जाणाऱ्यास त्याचा उपयोग होई. 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात शासनाने दहावीच्या निकालात कलेसाठी वाढीव गुण देण्याचे धोरण स्वीकारले. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीस 7, 'ब' श्रेणीस 5 आणि 'क' श्रेणीस 3 गुण असे कोष्टक पुढे रूढ झाले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांतील प्रावीण्यासही अशी सवलत मिळाली. हेतू चांगला होता. कलेकडे दुर्लक्ष होते, तिला प्रतिष्ठा मिळावी, हा तो हेतू. परंतु मिळालेली प्रतिष्ठा कोणत्या नाण्यात चुकती झाली, हे पाहणे आवश्यक ठरते. स्थिरचित्रातील छायाप्रकाश आणि गणितातील प्रमेय ही एकाच बेरजेत पडली, आणि ती बेरीज अकरावीच्या प्रवेशयादीत दुसऱ्या कुणाच्या तरी वर किंवा खाली जाऊन बसली.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की कला मोजताच येत नाही. सौंदर्याचा अनुभव हितसंबंधनिरपेक्ष असतो, हा कांटचा विचार आणि सौंदर्यानुभवाच्या स्वायत्ततेचा मर्ढेकरांनी धरलेला आग्रह हे दोन्ही अशा वेळी मदतीला बोलावले जातात. हा आक्षेप उदात्त असला तरी तो पुरेसा नाही. एक तर स्वतः कांटच प्रतिभा सामग्री पुरवते, पण तिला रूप देण्यासाठी शाळेत घडलेले कौशल्य लागते, असे म्हणतो. प्रतिभेचे पंख कातरण्याचे काम अभिरुचीकडे सोपवण्यासही तो कचरत नाही. दुसरे असे की अलौकिकतेचा झेंडा शाळेच्या आवारात फडकावला की त्याचा व्यावहारिक परिणाम उलटाच होतो. ज्या विषयाला गुण नाहीत त्याचा तास सहामाही परीक्षेपूर्वी गणिताला दिला जातो, हे कोणत्याही मुख्याध्यापकास ठाऊक असते. कलेला मोजमापाच्या वर बसवणारा आणि तिला निरुपयोगी समजणारा, हे दोघे वेळापत्रकात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी या दोन ध्रुवांची जी मांडणी केली ती येथे उपयोगी पडते. कलेच्या संकल्पनेला दोन्ही ध्रुव लागतात, त्यांतील एक पुसून टाकल्यास ती संकल्पनाच कोसळते. शाळा हा लौकिक ध्रुव आहे. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न गुण द्यावेत की नाहीत हा नसून गुण दिल्याने काय घडवले जाते हा आहे. रेखाकला परीक्षांची घडण पाहिली तर त्यांच्या मुळाशी असलेला कारागीर अजून दिसतो. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना 1857 सालची. एकोणिसाव्या शतकात तेथे आणि एकंदर वसाहतीत जे रेखाटनशिक्षण रुजले त्यावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमाची छाप होती, आणि त्या अभ्यासक्रमाला हवा होता तो अचूक डोळ्यांचा, शिस्तबद्ध हाताचा कारागीर. कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, संकल्पचित्र, वस्तुचित्र ही विषयांची विभागणी त्याच दृष्टीशी सुसंगत आहे. तीत कमीपणा काही नाही. वर्तुळाला स्पर्शिका नीट काढता येणे हीही एक प्रामाणिक गोष्ट आहे, आणि भूमितीच्या पेपरात गुण द्यायला परीक्षकास संकोच वाटण्याचे कारण नाही. पेच उभा राहतो तो स्मरणचित्रात. नावाप्रमाणे पाहता हा स्मृतीचा, म्हणजे मुलाने पाहिलेल्या जगाचा पेपर. प्रत्यक्षात बाजार, जत्रा, बसथांबा असे विषय आणि त्यांसाठी आधीच गिरवून घेतलेल्या आकृत्यांचे गट असा त्याचा परिपाठ पडून गेला आहे : डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा पुरुष, हात वर केलेला मुलगा, मागे झाड. स्मरण येथे आहे, पण ते जगाचे नसून सरावाचे आहे. परीक्षक अप्रामाणिक असतो असे नव्हे. शेकडो चित्रे थोड्या वेळात पाहणाऱ्यास ओळखीची रचनाच सुरक्षित वाटणार, आणि ते एकदा शिक्षकाच्या ध्यानात आले की तो तीच रचना शिकवणार. येथे मापनाने मापावयाची वस्तूच बदलून टाकली आहे.

संगीताचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याविषयी घाईने निवाडा करू नये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाणे दरबार आणि कोठी यांतून काढून मध्यमवर्गाच्या वर्गखोलीत आणणे हे त्यांच्यासाठी नैतिक कार्य होते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही आज परिचित असलेली पायऱ्यांची परीक्षापद्धती त्याच परंपरेत स्थिर झाली. भातखंड्यांनी थाटपद्धती व स्वरलिपी यांच्या साहाय्याने वेगळ्या मार्गाने हेच साधू पाहिले. अभ्यासक्रम नसता तर कितीतरी घरांतील मुलींना तानपुऱ्याला हातही लावता आला नसता, हे विसरून घराणेदार तालमीचे गोडवे गाणे सोपे आहे. गुरूचा निर्णय परीक्षकाच्या निर्णयापेक्षा सूक्ष्म असे, पण तो कुणाच्या वाट्याला येई हे जन्मावर, जातीवर, लिंगावर आणि गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. परीक्षेची छापील श्रेणी त्या मानाने बोथट, पण ती सर्वांसाठी होती. या लोकशाहीकरणाची किंमतही दिली गेली : बंदिशींतील शृंगार सोवळा झाला, आणि राग म्हणजे आरोह, अवरोह, वादी, संवादी यांचे उत्तर असा समज रुजला. तरीही ती किंमत आणि लाभ एकाच खात्यात होते. संगीत शिकण्यासाठी परीक्षा द्यावी लागे.

वाढीव गुणांच्या योजनेने हा संबंध उलटवला. आता परीक्षा देण्यासाठी संगीत शिकता येते. शिवाय जे लोकशाहीकरण परीक्षेचे समर्थन होते तेच येथे निसटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेतच कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, आणि तीही अंशकालिक. त्याहून लहान शाळेतील मुलाला कायद्याने हा शिक्षक देण्याची हमी नाही. तबल्याचा वर्ग, त्याची फी, वाद्य, संध्याकाळचे दोन मोकळे तास, हे सारे शाळेबाहेर आणि पालकांच्या खिशातून येते. अशा वेळी शासनाने जे शिकवलेच नाही त्याचे गुण शासन देते. गणितातही शिकवणीचा फायदा मिळतो, हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, कारण गणित शाळेत निदान शिकवले तरी जाते. लोककलेचा समावेश हा या अन्यायावरचा उतारा म्हणून सांगितला जातो, पण शेतात किंवा देवळात वडिलांबरोबर गाणाऱ्या मुलाच्या गाण्याला गुण मिळण्यासाठी आधी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्र देणारी संस्था त्याच्या गावात नसते. ज्याचे गाणे खरोखर लोकांचे आहे त्यालाच ते सिद्ध करण्याची पाळी येते, हा उपरोध धोरणकर्त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी याकडे परक्या विषयाची अडचण म्हणून पाहू नये. कवितेच्या रसग्रहणाला मराठीच्या उत्तरपत्रिकेत गुण आहेत, आणि मार्गदर्शक पुस्तकांत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा रकान्यांचे तयार रसग्रहण मिळते. ते स्मरणचित्रातल्या टोपलीवालीचेच भावंड आहे. फरक इतकाच की साहित्याला समीक्षा नावाची एक दीर्घ परंपरा आहे, जिच्यात निर्णयाबरोबर कारण द्यावे लागते. कांटच्या मते अभिरुचीचा निर्णय सर्वांच्या संमतीची मागणी करतो, पण ती सिद्धतेने मिळवू शकत नाही. म्हणूनच तो बोलून, दाखवून, पुन्हा पाहायला लावून मिळवावा लागतो. परीक्षकाची श्रेणी ही मागणी करते आणि बोलण्याचे कष्ट टाळते. 'ब' श्रेणी मिळालेल्या मुलीला तिच्या स्थिरचित्रातील सुरईची कड पार्श्वभूमीत का विरघळली पाहिजे होती, हे कुणी सांगत नाही. वामनाच्या वीस गुणांत कितीही पांडित्य असो, त्या प्रत्येकाला नाव होते, आणि नाव असल्यामुळे त्यावर वाद करता येत होता. मम्मटाने तो केलाही. 7 या अंकाशी वाद करता येत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय आणि सहशालेय विषयांतील भिंत पाडण्याचा संकल्प केला असून 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र क्षेत्राचे स्थान आहे. म्हणजे मूल्यमापन वाढणार. ते संख्येतच व्हावे अशी सक्ती कोणत्याही तत्त्वज्ञानाने केलेली नाही. ती प्रवेशयादीने केली आहे. चित्राखाली चार ओळी लिहिणारा आणि त्या ओळींवर विद्यार्थ्याचा प्रतिवाद ऐकून घेणारा शिक्षक ही कल्पना भाबडी म्हणून हसण्यावारी नेली जाईल. पण असा शिक्षक नेमण्याचा खर्च आणि गुणांचे कोष्टक छापण्याचा खर्च यांत केवढे अंतर आहे, ते पाहिले तर गेल्या दशकात कोणता पर्याय का निवडला गेला, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्याची गरज उरत नाही.