मौन कोणाचे?

मौन हा सद्गुण आहे असे आम्ही सेमिनरीत शिकलो. ध्यानसाधनेतील मौन आत्म्याला बळ देते, यात शंका नाही. परंतु गतवर्षी बुलढाणा जिल्ह्यातील एका गावी ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली गेली, तेव्हा तीतून एका गरीब विधवेचे नाव गळाले होते. आम्हांला ते ठाऊक होते. तरी आम्ही गप्प बसलो. कोणी धमकावलेही नव्हते. त्या रात्री प्रार्थनेत मन लागेना, आणि दुर्गाबाई भागवत आठवल्या.

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई होत्या. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना त्यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यात गुन्हा कोणता? तरीही ते नाव उच्चारताच सभेवरचे भयाचे सावट उघडे पडले. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

करबंदीपायी एक रात्र तुरुंगात काढणाऱ्या थोरोचे 'वॉल्डन' दुर्गाबाईंनी मराठीत आणले होते. लेखकाने सत्तेचे उपकार घेऊ नयेत, हे त्यांचे मत केवळ लेखणीपुरते नव्हते. पुढे शासकीय सन्मानही त्यांनी नाकारला. ज्याला काही मिळवायचे नाही, त्याला भिववणे कठीण.

मग प्रत्येक मौन भ्याडपणाचेच का? तसे नाही. संत थॉमस मोर यांनी राजाच्या धर्मसत्तेची शपथ घेतली नाही व कारणही सांगितले नाही. त्या मौनाचा अर्थ राजाला कळला, आणि १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. मोरांच्या मौनाची किंमत स्वतः मोरांनी मोजली. आमच्या मौनाची किंमत मात्र त्या विधवेने मोजली. मौन पारखण्याची कसोटी आम्हांला येथे सापडते.

हुकूमशाही दिल्लीत जन्मते असे आपण मानतो. वस्तुतः कोणी मागण्याआधीच आपण आपली जीभ गहाण टाकतो, तेथे तिचे बीज पडते. कैसराला काय द्यावे, हे प्रभूने आपल्याला शिकवले. त्यात सदसद्विवेक नव्हता.

येत्या ग्रामसभेत ते नाव आम्ही उच्चारणार आहोत. उशीर झाला आहे, हे त्या माउलीलाही सांगणार आहोत.